मॅडमनी पडून राहायचं नाही म्हटलंय

धरमपेठ, नागपूर

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर जास्त बोललं की डोकं ठणकतं, म्हणून दोन दिवसांत थोडंथोडं करून हे लिहिलंय.

आई, तुझा एकच प्रश्न : स्कॅन नॉर्मल आहे तर चक्कर कशाची? अगं, गाडीवरून पडले तेव्हा हेल्मेट होतं म्हणून हाड वाचलं, पण आत मेंदूला हिसका बसला. याला कन्कशन म्हणतात, आणि ते सीटी स्कॅनमध्ये दिसत नाही. रक्तस्राव किंवा फ्रॅक्चर नाही, एवढंच त्यातून कळलं.

बाबा, तुम्ही म्हणता पडून राहा. पहिले दोन दिवस पडूनच होते, पडदे ओढून, मोबाइल बंद. पाचव्या दिवशीही तशीच दिसले तर फिजिओथेरपीच्या मॅडम रागावल्या. आता २४ ते ४८ तासच आराम सांगतात, मग चालायला लावतात. डोकेदुखीला शून्य ते दहा मार्क द्यायचे. चालताना ती आधीपेक्षा दोनहून जास्त मार्कांनी वाढली की थांबायचं. मे महिना आहे, म्हणून पहाटे साडेपाचलाच ट्रॅफिक पार्कपर्यंत जाऊन येतो. हे सोबत असतातच.

खरी गंमत चक्करेसाठी दिलेल्या कॅलेंडरच्या व्यायामाची. हातभर अंतरावर उभं राहायचं, एका आकड्यावर नजर रोखायची आणि 'नाही, नाही' म्हणतात तशी मान हलवायची, तीस सेकंद. मी संकष्टीची तारीख धरलीय. पहिल्या दिवशी ती सरळ नाचायलाच लागली, पोटात ढवळून आलं. आज जरा थरथरली फक्त. मानही लचकलीय, डोकेदुखीतली थोडी तिचीच देणगी. तिला शेक आणि हलके व्यायाम.

रात्री पावलांपासून कपाळापर्यंत एकेक स्नायू पाच सेकंद आवळायचा, मग सैल सोडायचा, श्वास सावकाश बाहेर. जबड्याशी आले तेव्हा कळलं, मी दिवसभर दात आवळूनच असते! कूलरची घरघर मात्र अजून सोसत नाही. नागपुरात, मे महिन्यात, कूलर बंद! शेवटी यांनी गच्चीवर गादी टाकली.

उलट्या, गुंगी किंवा वाढती डोकेदुखी, काही झालं तर थेट दवाखाना, हे यांना पाठ आहे. गाडीला सध्या हात लावत नाही. पुन्हा आपटलं तर महागात पडेल.

रविवारी वर्ध्याहून याल तेव्हा गोरसपाक बिस्किटं आणा. आणि दोघं टीव्हीच्या आवाजावरून भांडू नका, निदान माझ्या खोलीत तरी.

तुमची,
ताई