भाऊकाकांशी बरोबरी नको

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर बाबांच्या हार्ट अटॅकचा विषय काढला की बाबा "बरं बरं, ठेवतो" म्हणतात आणि आईचा आवाज भरून येतो, म्हणून लिहितेय. आधी निर्णय सांगते. शनिवारी मी तुम्हाला न्यायला येतेय. पुढचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, होईपर्यंत दोघांनी माझ्याकडे राहायचं. डॉक्टरांशी बोलणं झालंय, कार्डिॲक रिहॅबमध्ये, म्हणजे अटॅकनंतरच्या देखरेखीखालच्या व्यायामाच्या वर्गात, बाबांचं नावही घातलंय. तुम्हाला न विचारता ठरवलं खरं, पण विचारलं असतं तर "कशाला तुला त्रास" म्हणाला असतात. त्रास मला इथे बसून होतोय. रात्री फोन वाजला की छातीत धस्स होतं.

बाबा, भाऊकाकांनाही अटॅक येऊन गेला, त्यांच्याशी बरोबरी करत तुम्ही म्हणालात, "भाऊ आठवड्यात जिने चढायला लागला, मला अंघोळीनेही धाप लागते." ते मनातून जात नाही. दोघांचे अँजिओग्राफीचे रिपोर्ट मी शेजारी ठेवून वाचले, डॉक्टरांकडून समजून घेतले. बंद पडलेली हृदयाची नळी तीच, स्टेंटही एकेकच. फरक एका ओळीत आहे. फुगा घालण्याआधी काकांच्या नळीत टिमी तीन, तुमच्या नळीत टिमी शून्य. टिमी म्हणजे नळीतून रक्त किती वाहतंय याची शून्य ते तीन अशी श्रेणी. शून्य म्हणजे अडथळ्यापुढे रक्त जातच नाही. एक म्हणजे थोडं झिरपतं, पण पुढची नळी भरत नाही. दोन म्हणजे शेवटपर्यंत पोचतं, पण संथ. तीन म्हणजे नेहमीसारखं. काकांची गुठळी आपसूक थोडी विरघळली होती. टेबलावर घेईपर्यंत त्यांच्या स्नायूला रक्त मिळायला लागलं होतं. असं सगळ्यांच्या नशिबी येत नाही. तुमच्याकडे नळी उघडेपर्यंत काहीच पोचत नव्हतं, आणि रक्त तुटलं की हृदयाचा स्नायू आतल्या थराकडून बाहेर मरत जातो. आधीच नळी वाहती असली तर नुकसान कमी होतं, पंपाची ताकद जास्त टिकते, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. तेव्हा ही धाप तुम्ही खचलात म्हणून लागत नाही. तिला कारण आहे.

आणि खालची ओळही वाचा ना, बाबा. स्टेंटनंतर तुमच्याही नळीत टिमी तीन. इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती रक्त बाहेर टाकतं ते, आज ४० टक्के आहे, पण त्या भागातला सगळा स्नायू मेलेला नसतो. काही नुसता बधिर झालेला असतो, तो जागा व्हायला आठवडे, कधी महिने लागतात. पुन्हा इको त्यासाठीच. किती सुधारेल ते आज कुणी सांगू शकत नाही, मीही खोटं सांगणार नाही.

आई, "अर्धा तास आधी निघालो असतो तर" हे आता पुरे. वेळेला महत्त्व आहेच, पण नळी पूर्ण बंद होणं तुझ्या हातात नव्हतं. गाडी बोलावणं हातात होतं, ते तू केलंस. अण्णांच्या वेळी कुणी तेवढंही केलं नव्हतं.

इथे तुमची खोली खालीच आहे, बाथरूम लागून. उशाशी दिवा लावून घेतलाय, बाबांना वाचायला टेकून बसता येईल अशी खुर्ची खिडकीजवळ ठेवलीय. आई, तुझी दुपारची झोप कुणी मोडणार नाही. स्वयंपाकघरात तुला हवं तसं लाव, मी काही बोलणार नाही.

मला टायफॉइड झाला होता तेव्हा बाबा कॅलेंडरच्या मागे माझा ताप लिहायचे, रात्री उठूनसुद्धा. तसंच आता मी तुमचं वजन लिहिणार. रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढलं, पाय सुजले किंवा आडवं झाल्यावर दम लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. ॲस्पिरिन आणि रक्त पातळ करणारी दुसरी गोळी एकही दिवस चुकवायची नाही. दातवाल्याने सांगितलं तरी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद नाही, नाहीतर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. छातीत दुखलं तर आधी ॲम्ब्युलन्स, मग मला फोन. हा क्रम बदलायचा नाही, बाबा. "तिला कशाला काळजी" हा विचार तर मुळीच नको.

शनिवारी बॅगा मी उचलेन. रिपोर्टची फाईल आणि अँजिओग्राफीची सीडी तेवढी वर ठेव, आई.

तुमची,
चिऊ