साठ हर्ट्झचा कॅमेरा पन्नास हर्ट्झच्या घरात: बदली किंवा पूर्ण परताव्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

मी खानापूर तालुक्यात राहते आणि एका पतसंस्थेत कारकून आहे. गुढीपाडव्याच्या आधी बेळगावातल्या दुकानातून आपल्या कंपनीचा डिजिटल कॅमकॉर्डर ३२,५०० रुपयांना घेतला. पैसे भिशीचे होते. बिल आणि वॉरंटी कार्डाच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. फोनवर चार वेळा बोलून उत्तर मिळालं नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहीत आहे.

कॅमेरा कशासाठी घेतला ते आधी सांगते, कारण त्याशिवाय नुकसान काय झालं हे कळणार नाही. माझी आज्जी ८४ वर्षांची आहे. जांबोटीच्या पुढे, कणकुंबीच्या वाटेवर आमचं गाव. जात्यावरच्या ओव्या तिला इतक्या येतात की एका बैठकीत संपत नाहीत. घरात पिठाची गिरणी आल्यापासून जातं फक्त लग्नाच्या हळदीला बाहेर निघतं. अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात चुलत बहिणीचं लग्न होतं. हळद दळायला आज्जी, तिची धाकटी जाऊ आणि एक आत्या अशा तिघी बऱ्याच वर्षांनी एका जात्यावर बसणार होत्या. ते मला नीट टिपून ठेवायचं होतं.

मोबाइल असताना कॅमकॉर्डर कशाला, असं घरच्यांनीही विचारलं. तासभर चित्रीकरण केलं की मोबाइल तापतो, मध्येच फोन येतो, आणि लांबून चेहरा जवळ घ्यायला गेलं की चित्र फुटतं. कॅमकॉर्डरला खरी भिंगाची झूम असते, बॅटरी बदलता येते, हातात पट्ट्यानं घट्ट बसतो, स्क्रीन बाजूला वळवून माणसाच्या नजरेत न येता टिपता येतं. जात्यावर बसलेल्या बाईच्या तोंडासमोर मोबाइल धरला की ती ओवी विसरते, हे मी पाहिलेलं आहे. म्हणून विचार करून घेतलेली वस्तू आहे ही, हौसेपोटी घेतलेली नाही.

आता मुख्य दोष. आपल्या देशातली वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनं घेते. चोकवाली ट्यूब त्यामुळे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. सेकंदाला २५ किंवा ५० चित्रं घेणारा कॅमेरा त्या लयीशी जुळतो. दूरदर्शनचं प्रसारणही याच हिशेबानं २५ चित्रांचं आहे. आपण मला विकलेल्या यंत्रात ३० आणि ६० एवढेच पर्याय आहेत. मेनू मी तीनदा तपासला, ५० चा पर्यायच नाही. शटरचा वेग, म्हणजे एका चित्राला उजेड घ्यायचा वेळ, हातानं १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवता आला असता तरी निभावलं असतं, पण तोही आपोआपच ठरतो. म्हणजे हे ६० हर्ट्झ वीज असलेल्या देशांसाठी बनवलेलं मॉडेल आहे आणि ते आपण आमच्याकडे विकता.

घेतल्यावर पहिल्या रविवारी येळ्ळूरच्या राजहंसगडावर जाऊन उन्हात चाचणी घेतली. चित्र सुरेख आलं. दोष कळला तो थेट हळदीच्या घरात. जातं माजघरात, वर एकच ट्यूब. टीव्हीला जोडून पाहिलं तर अख्ख्या चित्रावर काळसर पट्टे वर-खाली सरकत होते. आज्जीचा चेहरा उजळायचा आणि विझायचा. दुकानात कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर दोन मिनिटं बघून हे कळणं शक्य नव्हतं. आपल्या प्रतिनिधीनं फोनवर "घरातले दिवे बदला" असं सांगितलं. लग्नघरात येऊन गेलेली ती सकाळ दिवे बदलून परत येत नाही.

दुसरा दोष आवाजाचा, आणि मला तो जास्त लागला. कॅमेऱ्यात आवाजाची पातळी आपोआप ठरते आणि ती सोय बंद करता येत नाही. खुंटा फिरला की जात्याची घरघर मोठी, म्हणून यंत्र सगळाच आवाज खाली ओढतं आणि ओवीचे शब्द बुडतात. मूठभर हळकुंडं घालायला हात थांबला की पातळी झपकन वर येते आणि पंख्याचा आवाज, बाहेरची भांडी, मुलांची रडारड ठणठणीत ऐकू येते. ओवीची चाल जात्याच्या फेऱ्यावर असते. पहिला चरण दाबलेला आणि शेवटचा श्वास मोठा, असं ते ऐकताना जीव कासावीस होतो. बाहेरचा माइक आज्जीच्या पदराला लावला असता तर काम झालं असतं, पण माइक जोडायला ३.५ मिलिमीटरचं भोकच नाही. बॉक्सवर मात्र "स्पष्ट स्टीरिओ ध्वनी" असं छापलंय.

बॉक्सबद्दल आणखी थोडं बोलते, कारण फसगत तिथूनच सुरू झाली. झूमचा आकडा बोटाएवढ्या जाडीच्या अक्षरांत ६०० पट. खरी भिंगाची झूम ३० पट, ती खालच्या कडेला मुंगीएवढ्या अक्षरांत. ३० च्या पुढं यंत्र फक्त चित्र कापून मोठं करतं. तिथं आज्जीच्या कपाळावरचं गोंदण म्हणजे नुसते हिरवे ठिपके होतात. सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा भाग, १/५.८ इंच आहे हे बॉक्सवर कुठेच नाही, माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर आहे. आजच्या बऱ्याच मोबाइलचा सेन्सर याहून मोठा असतो. माजघराच्या उजेडात चित्र खरखरीत का येतं, याचं उत्तर त्या एका आकड्यात होतं. घेणाऱ्याला उपयोगी पडेल असं आधी छापा: किती हर्ट्झ, माइकची सोय आहे की नाही, सेन्सर केवढा. झूमचा फुगवलेला आकडा शेवटी टाका.

जे दोष नाही ते दोष म्हणून लिहिणार नाही. ३२ जीबीच्या कार्डावर साधारण २३ मिनिटांनी फाइल तुटते, पण ४ जीबीची मर्यादा कार्डाच्या रचनेचीच आहे आणि आपण ती पुस्तिकेत सांगितली आहे. बॅटरी सांगितल्याइतकी टिकते. हात हलला तरी चित्र स्थिर राहतं. त्याबद्दल तक्रार नाही.

दुरुस्तीचा अनुभव मात्र लिहायलाच हवा. बेळगावात आपलं केंद्र नाही. बेळगावातून कोल्हापूर सुमारे ११० किलोमीटर, तिथं आहे. सकाळच्या बसनं गेले. काउंटरवर पिनकोड विचारला. तो ५९१ नं सुरू होतो हे ऐकल्यावर "हा कर्नाटकचा विभाग, आमच्या यंत्रणेत नोंद होत नाही" म्हणून परत पाठवलं. मग फोन केला तर बेंगळुरूला कुरियर करा. ते सुमारे ५०० किलोमीटर. मला कन्नड येतं, फोनवर कन्नडमध्येच बोलले, त्याचा प्रश्न नाही. वॉरंटी कार्डावर "संपूर्ण भारतात वैध" असं आहे. आम्ही सीमाभागातली माणसं बाजारहाट, दवाखाना, सोयरिक सगळ्याला कोल्हापूर-निपाणीकडे जातो. राज्याची हद्द आपल्या संगणकात वॉरंटी अडवते, हे मला मान्य नाही.

माझी मागणी अशी. हा कॅमेरा परत घेऊन ५० हर्ट्झवर चालणारं आणि माइक जोडता येणारं मॉडेल द्यावं, किमतीत फरक असेल तर वरचे पैसे मी भरीन. ते शक्य नसेल तर पूर्ण ३२,५०० रुपये परत करावेत. कोल्हापूरच्या फेरीचा खर्च मी मागत नाही, पण तिथल्या केंद्राला आमचे पिनकोड स्वीकारण्याचं लेखी कळवावं.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक जिथं राहतो तिथं दावा करता येतो आणि ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला शुल्क नाही, हे मी तपासून घेतलं आहे.

पट्टे दिसणारी आणि आवाज बुडालेली अशा दोन चित्रफिती पेनड्राइव्हवर सोबत पाठवत आहे. दुसरीत मिनिटभरानं जातं थांबतं, तिथं हेडफोन लावून ऐका. कॅमेरा मूळ बॉक्समध्ये, चार्जर आणि पट्ट्यासह, बांधून ठेवला आहे. आपला माणूस येईल त्या दिवशी देईन.

आज्जी गौरी-गणपतीला पुन्हा जात्यावर बसते म्हणाली आहे. तिच्या जाऊबाईंना येववेल असं वाटत नाही, आत्याला मी घेऊन येणार आहे. त्याच्या आत कॅमेरा हातात हवा.

आपली,
एक ग्राहक
ता. खानापूर, जि. बेळगाव
(नाव, पत्ता आणि बिल क्रमांक सोबतच्या प्रतींवर)