शुल्क न घेणारे खासगी कॉलेज

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील खासगी उच्चशिक्षणाचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा हार्वर्ड-येलपासून सुरू होते आणि शुल्काच्या आकड्यांपाशी थांबते. एकोणिसाव्या शतकात चर्चशी बांधिलकी असलेल्या मंडळींनी आडगावांत उभारलेली लहान कॉलेजे त्यात नजरेआड होतात. त्यांपैकी केंटकी राज्यातील बेरिया कॉलेजचा इतिहास मराठी वाचकांपर्यंत पोहोचायला हवा, असे मला मनापासून वाटते.

संस्थापक जॉन फी हे गुलाम बाळगणाऱ्या घरात जन्मलेले धर्मोपदेशक. गुलामगिरीला विरोध केला म्हणून वडिलांनी त्यांना वारसाहक्क नाकारला. कॅशियस क्ले या जमीनदाराने दिलेल्या जागेवर त्यांनी वस्ती वसवली आणि १८५५ मध्ये तिथे एका खोलीची शाळा सुरू झाली. १८५९ च्या डिसेंबरात, गुलामगिरी संपवण्यासाठी जॉन ब्राउन यांनी केलेल्या सशस्त्र उठावानंतर बिथरलेल्या हत्यारबंद जमावाने फी यांच्या सहकाऱ्यांना राज्याबाहेर हुसकावून लावले. तरीही यादवी युद्ध संपताच ही माणसे परत आली. १८६६ मध्ये शाळेत १८७ विद्यार्थी होते, त्यांतले ९६ कृष्णवर्णीय आणि ९१ गोरे. गुलामगिरी जेमतेम संपलेल्या राज्यात ही मुले एकत्र शिकत होती, याचे मोल कितीही सांगितले तरी कमीच आहे.

पुढे कृष्णवर्णीयांच्या इतिहासलेखनाचा पाया घालणारे कार्टर वुडसन १९०३ मध्ये याच कॉलेजातून पदवीधर झाले. दुसऱ्याच वर्षी केंटकीच्या विधिमंडळाने दोन्ही वर्णांच्या विद्यार्थ्यांना एकत्र शिकवणे हा गुन्हा ठरवला आणि कॉलेजला एक हजार डॉलरचा दंड झाला. खासगी कॉलेजची सनद, म्हणजे स्थापनेचे अधिकारपत्र, हा करार असून राज्याला तो मोडता येत नाही, असा निर्वाळा डार्टमथ कॉलेजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १८१९ मध्येच दिला होता. पण सनदेत बदल करण्याचा अधिकार केंटकीने स्वतःकडे राखून ठेवला होता, आणि त्याच आधारे १९०८ मध्ये न्यायालयाने बेरियाविरुद्ध निकाल दिला. भिन्नमत नोंदवणारे न्यायमूर्ती हार्लन स्वतः केंटकीचेच होते. विश्वस्तांनी निधी जमवून लुईव्हिल शहराजवळ कृष्णवर्णीयांसाठी लिंकन इन्स्टिट्यूट उभारली खरी, पण एकत्र शिक्षणाचे दार पुन्हा उघडायला १९५० साल उजाडले.

आज आपल्याला अधिक उपयोगी पडेल ती या कॉलेजची आर्थिक घडी. १८९२ पासून बेरियाने विद्यार्थ्यांकडून शिक्षणशुल्क घेतलेले नाही. त्याऐवजी प्रत्येक विद्यार्थी आठवड्याला किमान दहा तास कॉलेजातच काम करतो. कुणी मागावर बसतो, कुणी झाडू बांधतो, कुणी कॉलेजच्या हॉटेलात किंवा कार्यालयात राबतो. मात्र केवळ या श्रमांवर कॉलेज चालणे शक्य नव्हते. मृत्युपत्राद्वारे मिळणाऱ्या ज्या देणग्यांना विशिष्ट हेतूची अट नसेल, त्या खर्च न करता कायम निधीत जमा करायच्या, असा निर्णय विश्वस्तांनी १९२० मध्ये घेतला. हाताशी आलेला पैसा इमारतींवर न उधळण्याची ही शिस्त पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली, म्हणूनच तो निधी आज एक अब्ज डॉलरच्या पुढे गेला आहे आणि मुख्यतः त्याच्याच उत्पन्नावर गरीब घरांतील मुले शिकत आहेत.

खासगी संस्थांच्या शुल्कावर आपल्या दैनिकात नेहमीच लिहिले जाते. त्या ओघात बेरियाच्या या निधीव्यवस्थेवरही जाणकारांकडून सविस्तर लेख लिहून घ्यावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, पुणे