ती मुलगी सारखी खिडकीत का उभी?

प्रिय आई,

साष्टांग नमस्कार.

मागच्या महिन्यात आमच्या म्युझिक व्हिडिओचा पहिला कट तुला पाठवला, तेव्हा तू एवढंच विचारलंस, "ती मुलगी सारखी खिडकीत का उभी? तिला काही कामधंदा नाही का?" खरं सांगते, मी चिडले होते. चौघांनी तीन आठवडे राबून केलेलं काम आणि तुला एवढंच दिसलं? पण प्रश्न डोक्यातून जाईना. आज सविस्तर लिहिते, कारण त्या प्रश्नापायी आम्ही जवळजवळ अर्धा व्हिडिओ पुन्हा शूट केलाय.

गाणं वर्गातल्याच एका मुलाचं, साडेतीन मिनिटांचं. घर सोडून शिकायला आलेल्या मुलीबद्दल. आमच्या कोर्समध्ये व्हिडिओसोबत एक लेखही द्यायचा असतो: माध्यमांमधल्या चित्रणाचे सिद्धांत लावून आपलंच काम तपासायचं. (पुस्तकांत 'प्रतिनिधित्व' म्हणतात, पण तो शब्द ऐकला की मला निवडणूकच आठवते. मी चित्रणच म्हणणार.) लेखात मी छातीठोकपणे लिहून टाकलं होतं की आम्ही परदेशी विद्यार्थिनीची साचेबंद प्रतिमा मोडली. सरांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "कुठल्या शॉटमध्ये?" मला एकही दाखवता आला नाही.

त्या रात्री एडिटिंगची टाइमलाइन उघडून एकेक शॉट मोजला. मुलगी २२ शॉट्समध्ये आहे. ती कशाकडे तरी बघते आणि मग ती वस्तू आपल्याला दिसते, असं फक्त दोनदा. बाकी वेळ आपणच तिच्याकडे बघत बसतो. सुरुवातीचाच शॉट घे. कॅमेरा तिच्या पावलांपासून हळूहळू वर सरकतो. बोटं, खांदा, केस, आणि चेहरा यायला चार सेकंद. तो शॉट मी घेतला होता, आई. घेताना फार सुंदर वाटला होता.

सिनेमाच्या अभ्यासक लॉरा मल्व्ही यांनी १९७५ साली एका निबंधात हेच मांडलं, हॉलिवूडच्या सिनेमाबद्दल. बघणारा पुरुष, बघितली जाणारी बाई, आणि ती पडद्यावर आली की गोष्ट तेवढ्यापुरती थांबते. मी हे पाठ केलं होतं. पण ही 'पुरुषी नजर' म्हणजे कॅमेऱ्यामागे पुरुष असणं, असं धरून चालले होते. ती नजर शॉट लावण्याच्या सवयीत असते आणि ती सवय माझ्याही हाताला होती, हे मोजल्यावर कळलं. आमची मुलगी खिडकीत थांबली होती आणि तिच्याबरोबर गाणंही.

माध्यमांचे अभ्यासक अँड्र्यू गुडविन यांनी १९९२ मध्ये म्युझिक व्हिडिओबद्दल लिहिताना म्हटलंय की रेकॉर्ड कंपनीला गायकाचा चेहरा विकायचा असतो, म्हणून त्याचे क्लोज-अप जास्त. आमच्यामागे कुठली कंपनी होती? तरी गायकाला नऊ क्लोज-अप, आणि जिची ही गोष्ट तिला एक! चित्र शब्दांना नुसतं दाखवतं, त्यात भर घालतं, की त्यांच्या विरुद्ध जातं, हाही त्यांचाच प्रश्न. आमच्याकडे 'खिडकी' शब्द आला की खिडकी. बस.

मुलगी बाहेरून आलीय हे दाखवायला ठेवलेल्या सुटकेसबद्दल मात्र मी गटाशी भांडले. साडेतीन मिनिटांत माणूस ओळखू यायला काहीतरी खूण लागते, हे मान्य. सिनेमाचे अभ्यासक रिचर्ड डायर यांचं म्हणणं असं की साच्यांचा वापर होतो यापेक्षा ते कोण ठरवतं आणि कोणाच्या सोयीचे असतात, हे विचारा. आमच्या चौघांतले दोघं बाहेरून आलेले, त्यातली एक मी. तरीही सुटकेस, फोन आणि निळसर उदास उजेड आम्हीच निवडला.

मग जिने काम केलं त्या मैत्रिणीलाच विचारलं, तू एकटी असतेस तेव्हा काय करतेस? ती म्हणाली, सायकल दुरुस्त करते. हे आम्ही आधी विचारलंच नव्हतं! आता व्हिडिओ तिच्या काळ्या झालेल्या नखांपासून सुरू होतो. चेन निसटते, ती वाकून बघते, आपल्याला चेन दिसते. गाण्यातल्या 'परत' या शब्दावर चाक फिरतं. कुठे परत, ते कोणी सांगत नाही. पावलांचा तो शॉट काढताना जीव तुटला, पण काढला. खिडकी एकदाच ठेवलीय, आणि तिथे ती बाहेर काय बघते ते दिसतं.

संस्कृती आणि माध्यमांचे अभ्यासक स्टुअर्ट हॉल १९५१ साली जमैकाहून इंग्लंडला शिकायला आले होते, माझ्यासारखेच घरापासून लांब. १९७३ मध्ये त्यांनी लिहिलं की करणारा एक अर्थ भरतो, पण बघणारा तोच काढेल असं नाही. तो मान्य करेल, थोडा बदलून घेईल, नाहीतर उलटा वाचेल. आम्ही 'एकटेपणा' भरला होता, तुला रिकामपण दिसलं. ते मी तुझं न समजणं मानलं, याचं वाईट वाटतं.

नवीन कट सोबत पाठवतेय. बाबांना हे पत्र आधी दाखवू नकोस. व्हिडिओ लाव, आणि संपल्यावर ते पहिलं वाक्य काय बोलतात, ते मला जसंच्या तसं लिहून पाठव.

तुझी,
छकुली