फियाटच्या वायरिंगचं काय ठरवलं

सोलापूर,
१७ मे

प्रिय मन्या,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हे पत्र. "सगळं वायरिंग उपटून टाक बे" हे तुझं तीनदा ऐकून झालं. आता माझं ऐक.

अण्णांची १९७० ची फियाट डिलाइट पत्र्याच्या शेडमध्ये डॅशबोर्ड उघडा टाकून उभी आहे. सीटा घरात आहेत. तुझी वहिनी मागच्या सीटवर बसून भाजी निवडते. पत्र्याचं काम झालं, रंगवाला खोळंबलाय. रंग आणि अस्तर झाल्यावर वायरिंगला हात घालायचा म्हणजे सगळं पुन्हा उचकटा. तेव्हा निर्णय आत्ताच घ्यायला हवा होता.

खरं सांगू? मला जुनंच ठेवायचं होतं. पट्टीच्या आत वायरींचे रंग अजून ताजे आहेत रे. तू म्हणालास, हेडलाइट मिणमिणते म्हणजे वायरी गेल्या. मी दिवे लावून मीटर धरला. बॅटरीवर १२.२ व्होल्ट, बल्बवर १०.५. ऐकायला दोनही व्होल्ट कमी नाहीत, पण बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार वेगाने पडतो. एवढ्यात जवळजवळ ४० टक्के जातो. मग अर्थिंगचे बोल्ट सोडून खालचा गंज आणि रंग घासला, स्विचचे पॉइंट साफ केले. बल्बवर ११.६ आले! म्हणजे चोर सांध्यांत होता, वायरीत नव्हता. त्या रात्री मी जिंकलो होतो.

दुसऱ्या दिवशी डॅशबोर्डमागची एक वायर बोटाभोवती वळवली आणि तिचं आवरण आपल्या कडक भाकरीसारखं कडाकडा मोडलं. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून जे घातलेलं असतं ते उष्णतेने वर्षानुवर्षं उडून जातं, आणि इंजिनाजवळ काय, सोलापूरच्या उन्हात काय, उष्णतेला तोटा नाही. मीटर हे दाखवत नाही. तांबं ठणठणीत, आवरण गेलेलं. त्यात इग्निशन आणि चार्जिंगच्या वायरीला फ्यूजच नाही. ती पत्र्याला टेकली तर थेट धूर.

पुढे तर गंमतच. हॉर्नला घराच्या फिटिंगची वायर, तीन ठिकाणी पिळून टेप मारलेली. एका फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली! अण्णा ओढत नसत, तेव्हा कुठल्या तरी मिस्त्रीची कृपा. आई मात्र ती चांदी बघून गप्प बसली आहे.

तर इंजिनपासून डॅशबोर्डापर्यंत सगळं नवीन करतोय. मिस्त्री म्हणतो, पद्मिनीचं, म्हणजे ह्याच गाडीच्या पुढच्या मॉडेलचं, तयार वायरिंग टाकू. माझ्याकडे अजून बॅटरी चार्ज करणारा जुना डायनॅमो आणि बॅटरी त्यात उलटी रिकामी होऊ न देणारा कटआउट आहे; अल्टरनेटरच्या गाडीचं आणून कापाकापी करायची, तर नवीन घेऊन काय मिळवलं? त्यापेक्षा जुनं आख्खं काढून फळीवर पसरायचं, प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधायची आणि त्याच मापाचं बांधायचं. हेडलाइटला अडीच एमएमची वायर आणि रिले, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू करणारा वेगळा स्विच; तेवढा डॅशबोर्डच्या स्विचवरचा भार जाईल. सांधे डाग देऊन (सोल्डर करून) नकोत, दाबून बसवलेले थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाचे धातूचे कान हवेत; डाग दिला की वायर तिथे ताठ होते आणि हादऱ्याने नेमकी त्याच्या काठाशी तुटते.

मागच्या दिव्यांच्या वायरी मात्र ठेवतोय. गालिच्याखाली राहिल्यामुळे अजून मऊ आहेत, चार ठिकाणी वळवून पाहिल्या. त्यांना वेगळा फ्यूज देईन. इथे तू ओरडणार, माहीत आहे. ओरड.

एक काम कर. रविवारी जुन्या बाजारात जाशील तेव्हा जुन्या फियाटचा फ्यूजबॉक्स दिसतो का बघ, झाकणासकट. माझ्याचं झाकण वितळलंय. मिळाला तर पाठवू नकोस, हुतात्मा एक्स्प्रेसने स्वतःच घेऊन ये. आई शेंगाचटणी कुटून ठेवणार आहे, आणि चिठ्ठ्या बांधायला मला दुसरा माणूस हवाच आहे.

तुझा,
अन्या