त्या दिवशी मी ‘नाही’ म्हणालो होतो

नागपूर
१८ मे

प्रिय सुध्या,

दिवाळीपासून तुला माझं पत्र नाही, फोन नाही. तुझे दोन मिस्ड कॉल पाहिले आणि तरी फिरवून केला नाही. तुझा आवाज ऐकला असता तर सगळं फोनवरच बाहेर पडलं असतं, आणि हे मला फोनवर सांगायचं नव्हतं. म्हणून आज कूलरसमोर वही घेऊन बसलो. बाहेर ४५ आहे, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. माझी शुगर बरी, आईची कंबर तशीच, सुलभाचं बीपी गोळीवर आहे.

आमच्या रेणूच्या हृदयाला छिद्र निघालं, सुध्या. घाबरू नकोस, ते बंदही झालं. ती आत्ता आतल्या खोलीत मोबाइलवर हसून राहिली आहे. पण छिद्र होतं ते तुझ्या कुंदाताईला होतं तेच. वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला, तिथंच.

नव्या नोकरीच्या मेडिकलमध्ये कळलं. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला, काढला, पुन्हा लावला आणि तिला विचारलं, ‘जिना चढताना दम लागतो का?’ ही म्हणाली, ‘सगळ्यांनाच लागतो ना?’ सव्वीस वर्षांची पोट्टी, लहानपणापासून धावताना मागे राहायची, आणि मी तिला आळशी म्हणायचो. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, १८ मिलीमीटरचं छिद्र दिसलं. डाव्या बाजूला दाब जास्त, म्हणून शुद्ध रक्त छिद्रातून उजवीकडे जाऊन पुन्हा फुप्फुसांत फिरतं. उजवा कप्पा वर्षानुवर्षं हा जादा भार ओढतो आणि फुगत जातो. तिचा फुगला होता. बाहेरून काहीच दिसत नव्हतं.

मला वाटलं, आता ताईसारखी हिचीही छाती उघडणार. त्या रात्री डोळ्यांपुढून ताई हटत नव्हती. दुसऱ्या दिवशी धंतोलीत गेलो (गाडी लावायला पाऊण तास फिरलो, तुझ्या वेळची धंतोली विसर), तर डॉक्टर म्हणाले, ‘कापायचं नाही. मांडीतून जाऊ.’ मी सुलभाकडे बघितलं. तिलाही कळलं नव्हतं.

मग त्यांनी ड्रॉवरमधून नमुन्याचं एक डिव्हाइस काढून माझ्या तळहातावर ठेवलं. तू असतास तर तासभर तिथून हलला नसतास. केसासारख्या बारीक तारांची जाळी विणून केलेल्या दोन चकत्या, मधे आखूड कंबर, आत पांढऱ्या पॉलिस्टरचे तुकडे. वजन जाणवतच नव्हतं. डॉक्टरांनी दोन्ही टोकं धरून ओढलं, तर ते लांबून वातीसारखं बारीक झालं. सोडलं, तर टपकन पुन्हा दोन चकत्या. निकेल आणि टायटॅनियमचा मिश्रधातू, नायटिनॉल. घडवलेला आकार लक्षात ठेवणारा. ओढून नळीत भरायचं, नळीबाहेर पडलं की ते आपोआप उमलतं. लोक त्याला छत्री म्हणतात. रेणू तर म्हणाली, ‘बाबा, यंदा पावसाळ्यात मला रेनकोट नको.’ सुलभा रडता रडता हसली.

त्यानंतर चार रात्री मी याच विषयावर वाचत बसलो. रेणूसाठी वाचायचं असतं तर एक रात्र पुरली असती. मला ताईचा हिशेब लावायचा होता. १९२९ साली फोर्समान नावाच्या पंचविशीतल्या जर्मन डॉक्टरने स्वतःच्या हाताच्या शिरेतून लघवी काढायला वापरतात तसली नळी आत सरकवत हृदयापर्यंत नेली आणि तशीच नळी आत ठेवून तो चालत एक्सरे काढायला गेला. वरिष्ठांनी मनाई केली होती. १९५६ मध्ये नोबेल मिळालं. आपल्या मास्तरांनी हे एकदा सांगितलं असतं तर मी बायॉलॉजी सोडली नसती. नळीतून छत्री नेऊन हे छिद्र पहिल्यांदा बंद केलं ते १९७५ मध्ये, अमेरिकेत, न्यू ऑर्लिन्सला, आणि पेशंट होती सतरा वर्षांची मुलगी. ताई १९८० मध्ये सोळाची होती. हे वाचलं आणि मी लॅपटॉप मिटून गच्चीवर गेलो. पण ती जुनी छत्री घालायला नळी फार जाड लागायची, ती मागे पडली. आज वापरतात ती जाळी आम्प्लात्झ नावाच्या रेडिऑलॉजिस्टने मिनेसोटात काढली, तीही नव्वदच्या दशकात, आणि अमेरिकेत तिला मंजुरी मिळाली २००१ च्या डिसेंबरात. म्हणजे ताईला छाती उघडण्यावाचून मार्ग नव्हता. काकांनी मुंबईला नेलं ते बरोबरच केलं. हे तुला सांगावंसं वाटलं, कारण तू एकदा म्हणाला होतास, ‘बाबांनी घाई केली.’ नाही केली.

प्रत्यक्षात काय केलं ते थोडक्यात सांगतो. भूल दिली, अन्ननलिकेत इकोची नळी टाकून छिद्राच्या कडा नीट मोजल्या. कडा पुरेशा नसतील तर छत्री टिकत नाही, मग ऑपरेशनच. उजव्या मांडीच्या सांध्यातल्या शिरेतून नळी वर, उजव्या कप्प्यात, छिद्रातून पलीकडे. आधी डावी चकती उमलवायची, पडद्याशी ओढून टेकवायची, मग अलीकडे उजवी. मधे पडदा दोन्ही चकत्यांत धरलेला. मग डॉक्टर तार पुढेमागे ढकलून हलवून बघतात, घट्ट बसली का. छत्री तारेच्या टोकाला स्क्रूने अडकवलेली असते. तो स्क्रू उलटा फिरवेपर्यंत सगळं परत नळीत ओढून घेता येतं. एकदा फिरवला की सुटली. मी बाहेर बाकावर बसून तोच एक क्षण मोजत होतो. आत्ता फिरवला असेल. आत्ता. टेकडी गणपतीला किती नारळ बोललो ते सुलभाला माहीत नाही.

सहा तास पाय सरळ ठेवून झोपवलं. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य काय, तर ‘तर्री पोहे कधी मिळतील?’ तिसऱ्या दिवशी घरी. सहा महिने ॲस्पिरिन, महिनाभर जड उचलायचं नाही, दाताचं काही काम निघालं तर आधी विचारायचं. तोवर जाळीवर हृदयाचं स्वतःचं अस्तर चढतं. सहा महिन्यांनंतर लग्न, मूल, कशालाच आडकाठी नाही, असं डॉक्टरांनी तिच्यासमोरच सांगितलं.

आणि खूण? मांडीत तिळाएवढा ठिपका होता. आता शोधूनही सापडत नाही.

इथंच सगळं अडलं आहे. रेणूला यवतमाळच्या मंडळींकडून स्थळ आलंय, मुलगा चांगला आहे, पुण्यातच असतो. पुढच्या रविवारी येणार. सुलभा म्हणते, ‘खूण नाही, त्रास नाही, मग सांगायचं काहून?’ ती आई आहे, तिचं मी समजू शकतो. पण परवा दादा आला. भर जेवणात म्हणाला, ‘या कानाचं त्या कानाला कळू देऊ नका. दिसतच नाही तर सांगता कशाला?’

दादा, सुध्या. दादा म्हणाला हे. मी ताटावरून उठलो.

आता ते लिहितो, ज्यासाठी पत्राला बसलो. सदतीस वर्षं तुला सांगितलं नाही.

दादाचं आणि ताईचं लग्न ठरत होतं, तेव्हा काकू आमच्या घरी येऊन आपणहून बोलल्या होत्या ना, ताईच्या ऑपरेशनचं? त्या म्हणाल्या होत्या, ‘तुम्हाला कल्पना असेलच, तुमच्या धाकट्याला सगळं ठाऊक आहे.’ त्या गेल्यावर आईने मला स्वयंपाकघरात बोलावलं. ‘तुला माहीत होतं?’ मी म्हणालो, ‘नाही.’

ताई मुंबईहून परत आली त्या दिवशी स्टेशनवर तुझ्यासोबत मी होतो. ती छातीशी उशी घट्ट धरून उतरली होती, खोकला आला की उशी दाबायची. निळ्या फुलांचा अभ्रा होता. सायकलरिक्षात बसताना तिने ती उशी माझ्याकडे दिली आणि महालापर्यंत मी ती मांडीवर धरून बसलो. आणि मी म्हणालो, नाही. ‘मग आधी का नाही बोललास’ असं विचारतील, या एवढ्याशा भीतीपोटी. वीस वर्षांचा घोडा होतो.

दादा व्रणाला घाबरला नव्हता, सुध्या. तो तयार होता. आत्याने मुलंबाळं होतील का म्हणून विचारलं तेव्हा तो तिच्यावर ओरडला होता, मी ऐकलंय. माझ्या ‘नाही’नंतर घरात एकच शब्द फिरायला लागला, ‘लपवलं’. त्या शब्दावर दादा फिरला. ज्या काकूंनी स्वतः येऊन सांगितलं, त्यांच्यावर लपवल्याचा आळ आला, तो माझ्यामुळे. तू शंकरनगर चौकात माझी कॉलर धरून विचारलं होतंस, ‘तू घरी काही बोलला होतास का?’ मी तुलाही तेच म्हणालो, ‘नाही, मी काहीच बोललो नाही.’ तू वर्षभर माझ्याशी बोलला नाहीस, आणि मी मनात तुलाच दोष देत राहिलो.

ताईने त्यानंतर तो विषय कुणाला काढू दिला नाही. सगळं माझ्यामुळेच झालं असं म्हणणार नाही, पुढचं आयुष्य तिने तिच्या मनाने जगलं आणि अमरावतीत अर्धं शहर तिचं विद्यार्थी आहे. पण सुरुवातीला माझा तो शब्द आहे.

काल दादाला मी हे सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग चप्पल घालून गेला. आज सकाळी त्याचा फोन आला, ‘रविवारी मी येतो. यवतमाळवाल्यांना मी सांगतो, तू नको.’ त्यावर रेणू म्हणते, ‘तुम्ही कुणीच नका सांगू. माझं हृदय आहे, मी सांगते.’ इकोचा फोटो तिने मोबाइलमध्ये काढून ठेवलाय, त्यात त्या दोन चकत्या स्वच्छ दिसतात.

तुझ्या रिटायरमेंटचं काय ठरलं? निखिलचा व्हिसा आला का? वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन उन्हाळ्यात करू नकोस म्हणावं, पुण्यातही यंदा गरम आहे म्हणतात. आणि आपल्या लॅबमधला तो गॅल्व्हानोमीटर तूच जाळला होतास, हे मी आजही म्हणतो.

तुला राग येईल. येऊ दे. चार दिवस, चार महिने, जितके लागतील तितके घे. पण एक काम कर. मला ताईशी बोलायचंय, तिच्या घरी जाऊन, समोर बसून. तिला आधी विचार, मी आलो तर चालेल का. नको म्हणाली तर नको. हो म्हणाली तर पत्ता पाठव, माझ्याकडचा जुना आहे. रेणू बरोबर येते म्हणते आहे. तिला ताईला बघायचंय.

तुझा,
बाळ्या