परक्या कापडाचं बारसं

प्रिय अविनाश,

परकी वस्तू आपली नेमकी कधी होते, असं तू विचारलं होतंस. मला वाटतं, लोक तिचं बारसं करतात तेव्हा. पश्चिम आफ्रिकेतलं वॅक्स कापड घे. घाना, टोगो, आयव्हरी कोस्टमध्ये ते लग्नात, बारशात, मयतीत अंगावर असतं. पण त्याचं मूळ जावाच्या बाटिकात आणि जन्म नेदरलँड्सच्या गिरण्यांत.

बाटिक करताना जावात बारीक तोटीच्या कलमातून वितळलेलं मेण कापडावर रेखतात. मेणाखाली रंग चढत नाही. 19 व्या शतकात डच गिरण्यांनी हे काम यंत्रावर घेतलं. त्यातली हेल्मंड गावची व्लिस्को ही गिरणी 1846 पासूनची. तांब्याच्या दोन कोरीव रुळांमधून कापड जातं आणि दोन्ही अंगांना एकदमच, मेणाऐवजी, गरम राळ बसते. मग निळीचं कुंड. राळ थंड झाली की ठिसूळ होते, कापड दुमडलं की तडकते, आणि भेगांतून नीळ आत झिरपते. पांढऱ्या जागेवर निळ्या शिरा उमटतात त्या अशा. पुढे धुताना थोडी राळ मुद्दाम राहू देतात, म्हणजे नंतरच्या रंगात फिके ठिपके सुटतात. कुठल्याही दोन वारांवरच्या शिरा सारख्या नसतात.

जावाच्या गिऱ्हाइकाला या शिरा म्हणजे कच्च्या हाताची खूण वाटायची. गोल्ड कोस्टवर, म्हणजे आजच्या घानात, 19 व्या शतकाच्या अखेरीस हेच कापड उतरलं तेव्हा नेमक्या त्या शिराच आवडल्या. एका बाजारातला दोष दुसऱ्या बाजारात गुण ठरला, हे मला या सगळ्यात फार महत्त्वाचं वाटतं.

आणि बारसं? गिरणीतून नक्षी निघते ती नुसता नंबर घेऊन. नाव देतात बाजारातल्या बायका. उडत्या पाखरांच्या नक्षीला घानात ‘पैशाला पंख असतात’ म्हणतात. दुसऱ्या एकीचं नाव ‘सवतीचा डोळा’. ती नेसून घराबाहेर पडलं की तोंडाने काही बोलावं लागत नाही. नाव जमलं नाही तर चांगली नक्षीही पडून राहते. टोगोची राजधानी लोमे, तिथल्या बड्या व्यापारी बायकांकडे ठरावीक नक्ष्यांचे विक्रीहक्क असत. त्या मर्सिडीज गाड्यांतून फिरत, म्हणून लोक त्यांना ‘नाना बेंझ’ म्हणू लागले; ‘नाना’ म्हणजे तिकडे आई-आजी. जानेवारी 1994 मध्ये सीएफए फ्रँकची, म्हणजे फ्रान्सच्या चलनाशी बांधलेल्या तिथल्या चलनाची, किंमत निम्म्यावर आणली गेली. आयात माल एका झटक्यात दुप्पट महाग झाला आणि या व्यापाराचं कंबरडं मोडलं. म्हणजे नाव घरचं झालं तरी पैशाची दोरी परक्या हातात राहू शकते. या दोन गोष्टींची गल्लत करू नये, असं मला कळकळीने वाटतं.

कापडाचा पूर्ण तागा 12 वारांचा, अर्धा 6 वारांचा, पन्हा साधारण 1.2 मीटर. अर्ध्या ताग्याचे दोन-दोन वारांचे तीन तुकडे पाडतात: एक चोळीला, एक कमरेला, तिसरा वरून गुंडाळायला किंवा डोक्याला.

तुला कधी तुकडा मिळाला तर आधी उलटून बघ. खऱ्या वॅक्सचा रंग दोन्ही अंगांना सारखाच गडद असतो. स्वस्त नकलेत शिरासुद्धा छापलेल्या असतात, त्यामुळे त्या ठरावीक अंतराने जशाच्या तशा परत येतात आणि मागची बाजू फिकी पडते. मग काठ वाच. व्लिस्कोच्या कापडावर तिथे वर्षानुवर्षं ‘गॅरंटीड डच वॅक्स’ असं छापलेलं असायचं.

तुझा,
मुकुंद